घरपोच रानफुले पाठवणाऱ्या साहेबांस

श्रीयुत रानफूलवाले साहेब यांसी,

चांदूर बाजारहून एका ग्राहकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वर आपलं नाव घातलं नाही, राग नसावा. पाकिटावर ते नाही, बिलावर आहे ते वाचता येत नाही, आणि ज्या नावानं आपण दुकान मांडलं होतं ते नाव महिन्याभरात बदललं. अवतारी पुरुषांना कुठल्या नावानं हाक मारावी, हा भक्तांपुढचा जुनाच पेच आहे.

प्रथम आभार. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर चार रानफुलं असावीत, मधमाश्यांची ये-जा राहावी, एवढीच आमची हाव होती. आपण आमची दृष्टी विशाल केलीत. ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ दिलंत, जिवंत रोपं दिलीत आणि वर निळ्या गुलाबाच्या बियांची भेट.

पाकिटामागच्या सूचना वाचून तर अंगावर काटा आला. ‘शेवटचं हिम पडून गेलं की वसंतात पेरावे.’ चांदूर बाजारात शेवटचं हिम कधी पडलं, हे सांगणारं माणूस आम्हाला भेटलं नाही. मग आपल्या वसंताप्रमाणे एप्रिल धरला. तेव्हा आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडून पुढे निघालेला असतो आणि काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. आपलं बी त्यातल्याच एखाद्या भेगेत विसावलं आहे. लुपिन, कॅलिफोर्निया पॉपी, कॉर्नफ्लॉवर ही सगळी थंडीची मंडळी. या देशात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरायची असतात. हे कुठलाही माळी फुकट सांगतो. आपण पैसे घेऊनसुद्धा सांगितलं नाहीत, हा संयम थोरांनाच जमतो.

निळ्या गुलाबासाठी मात्र आपले पायच धरायला हवेत. गुलाबाच्या अंगात निळं रंगद्रव्य मुळातच नसतं. जपानच्या सनटोरी कंपनीनं त्यापायी वर्षानुवर्षं प्रयोगशाळा राबवली, पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं आणि २००९ मध्ये फूल बाजारात आणलं. तेही जांभळटच निघालं. आपण हेच काम ९९ रुपयांत, दोन पाकिटांवर एक फुकट देऊन साधलंत. तेही चक्क बियांपासून! शेंदूरजना घाटच्या नर्सऱ्यांत जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. गुलाबाच्या कलमाची रीत साधारण तीच, कारण बी लावलं तर जात तशीच उतरेल याचा भरवसा नसतो. त्या कारागिरांना आपण एका पाकिटात मोडीत काढलंत.

बी उगवलं, हे कबूल. लालसर देठ, गुळगुळीत पान, पानाच्या टोकाशी बारीकशी खाच. आईनं ओसरीवरूनच पाहिलं आणि म्हणाली, “काहून बापा, हा तं तांदुळजा हाये!” लसूण-मिरचीची फोडणी देऊन आपला निळा गुलाब आम्ही ज्वारीच्या भाकरीशी खाल्ला. चव उत्तम. तसा अभिप्राय पाच तारे देऊन आपल्याला कळवलाही होता; तो आपण कुठे जपून ठेवलात, आम्हाला काही सापडत नाही.

आता जिवंत रोपांविषयी. कुरियरवाला म्हणाला, घर सापडत नाही, स्टँडवर या. गेलो. खोक्यावरचा बाण जमिनीकडे तोंड करून होता. आत ओल्या वर्तमानपत्राचा आंबूस वास, पेल्यातलं कोकोपीट पेल्याबाहेर, आणि पानं उकडलेल्या भाजीसारखी देठाला चिकटलेली. तळाशी एक पांढरी अळी होती, ती तेवढी ठणठणीत. ती सुखरूप पोचवल्याबद्दल वेगळे आभार.

१८३३ साली लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्डनं काचेच्या बंद पेट्यांत नेचे आणि गवतं घालून ती जहाजानं सिडनीला धाडली. कित्येक महिन्यांचा प्रवास, तरी झाडं हिरवी पोचली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली. त्या बिचाऱ्यांकडे ट्रॅकिंग नंबर नव्हता, म्हणून पेटीवरच मेहनत घ्यावी लागली. मृग लागल्यावर रोपं पाठवा, अशी आमची लेखी विनंती होती. आपण ती भर मे महिन्यात गोदामागून गोदाम हिंडवलीत आणि प्रत्येक मुक्कामाची खबर मोबाइलवर दिलीत. मयताचा प्रवास इतक्या आस्थेनं कोण कळवतं?

तक्रार केली तेव्हा आपण खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ मागितलात. नशिबानं काढलेला होता, पाठवला. त्यावर आपलं उत्तर आलं, ते मी चौकटीत लावणार आहे: ‘रोप मेलेले नाही, सुप्तावस्थेत आहे. एकवीस दिवस नियमित पाणी द्यावे.’ परताव्याची मुदत होती सात दिवस. हे गणित ज्यानं बसवलं त्याला आपण पगारवाढ द्यावी, ही आमची कळकळीची शिफारस. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं लिहिलेलं आहे. पोच आपण तत्काळ दिलीत, ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो’ अशी. निवारण बहुधा सुप्तावस्थेत असावं.

बियाण्याच्या बाबतीत आम्ही वऱ्हाडातले लोक जरा भोचक, हे सांभाळून घ्या. सोयाबीनची पिशवी हातात आली की आधी उलटी करून लॉट नंबर पाहतो, चाचणीची तारीख पाहतो, उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिली आहे का ते पाहतो. प्रमाणित बियाणं असेल तर निळा टॅग शोधतो. एवढं करूनही २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचा ढीग लागला आणि प्रकरण हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हापासून ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळल्याशिवाय पेरायचा धीर होत नाही. आपल्या पाकिटात शंभर बियाच नव्हत्या, त्यामुळे टक्केवारीचा त्रास वाचला. निळा गुलाब राहू द्या साहेब, एखादा निळा टॅग तरी पाठवायचा होता.

पाकिटावरचा ‘मूळ देश’ हा रकानाही आपण कोरा सोडलात. त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये न मागता टपालानं कुठूनतरी येणाऱ्या बियांच्या पाकिटांबद्दल केंद्राच्या कृषी मंत्रालयानं राज्यांना सावध केलं होतं. परदेशी बी आणायला आयात परवाना आणि रोपाच्या आरोग्याचा दाखला लागतो. पण आपल्यासारख्या विश्वबंधूला कसल्या सीमा! घाणेरी याच देशात शोभेचं झुडूप म्हणून आणली गेली. आज ती मेळघाटच्या जंगलात जाऊन पाहावी. गाजरगवत अमेरिकेहून आलेल्या धान्याबरोबर आलं असं मानतात. पन्नाशीच्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि आता आमच्या बांधावरून हटत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर मेक्सिकोचा कॉसमॉस पसरतो आहे. आपल्या अख्ख्या ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’मधून पावसाळ्यात एकच जात तरारून वर आली, ती हाच कॉसमॉस. फुलं छान होती. बी धरायच्या आत उपटून जाळली.

एक शेवटची विनंती. आपल्या नव्या यादीत ‘दुर्मिळ रुपेरी वाइल्ड सेलोशिया, ५० बिया, १९९ रुपये’ असं वाचलं. चित्र मोठं करून पाहिलं. साहेब, ते कुर्डू आहे. पोळ्याच्या सुमारास आमच्या पऱ्हाटीत आणि तुरीत ते कमरेएवढं वाढतं, आणि आम्ही बायांना रोजी देऊन ते निंदून काढतो. तुरा तळहातावर चोळला की काळं, चकचकीत बी मूठभर निघतं. आपण स्वतः यावं. निंदणाची रोजी देऊ, दुपारी ठेचा-भाकर देऊ, बी पोत्यानं न्या, एक पैसा नको. फक्त येताना बियाणे विक्रीचा परवाना आणि खऱ्या पत्त्याचा पुरावा तेवढा बरोबर असू द्या. घर सापडणार नाही. स्टँडवर उतरा, आम्ही घ्यायला येतो. ओटीपी विचारू, पाठ करून ठेवा.

आपला कृपाभिलाषी,
सुप्तावस्थेतला एक ग्राहक