कृती बालकाची, मेहनत पालकाची

मुलाने कृतीतून, शोधातून व समन्वेषणातून शिकावे, हे तत्त्व 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याने कलम 29 मध्ये नमूद केले असले, तरी ती कृती नेमकी कोणी करावी याविषयी पुरेसा खुलासा नसल्यामुळे, चौथीतल्या चिरंजीवांना फर्मावलेली रायगडाची प्रतिकृती रात्री अकरा वाजता तीर्थरूपांनी पुठ्ठे कातरून उभारावी, मातोश्रींनी तटबंदीवर गेरूचा हात फिरवावा आणि खुद्द किल्लेदारांनी शेजारी गाढ निद्रा घ्यावी, असा दस्तूर घरोघरी रूढ झाला आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे अशा बिनखर्ची सामग्रीवर भागत असे. हल्ली साध्या मोजणीसाठीही रंगीत मण्यांचे तयार पाकीट आणावे लागते, आणि मोजण्याचा प्रत्यक्ष सराव होतो तो बिल चुकते करणाऱ्यास. सबब आमची नम्र शिफारस अशी, की प्रगतिपुस्तकात ‘कार्यानुभव’ या रकान्यापुढे पालकाचीही श्रेणी दर्ज करावी. म्हणजे ज्यांचा बुरूज शाळेच्या वाटेवरच ढासळला, अशा वडिलांना निदान फेरपरीक्षेस बसण्याचा हक्क तरी प्राप्त होईल.