धुरंधर

शनिवारी धुरंधरांच्या कमरेला एक डबी लटकलेली असते. काडेपेटीहून थोडी मोठी, पुढे काच, काचेवर दोन आकडे. वरचा मांसाचा, खालचा भट्टीचा. धुरंधर तुमच्याशी अगदी आपुलकीने बोलतात, तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारतात. पण उत्तर ऐकताना नजर डबीवर. तुम्ही सांगता, ‘‘आता काठीशिवाय चालते,’’ आणि ते उजळलेल्या चेहऱ्याने म्हणतात, ‘‘अरे वा! एकशे चव्वेचाळीस!’’

खरं आडनाव वेगळं आहे. धुरंधर हे ऑस्टिनच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं नाव, आणि त्यांना ते मनापासून आवडल्यामुळे चिकटलेलं. मूळचे कराडचे. शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं, नोकरी सेन्सर तपासायची, त्यामुळे आकड्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडामांसात भिनलेली. टेक्सासात आलेला मराठी माणूस आधी गवत कापायचं यंत्र घेतो, मग ग्रिल घेतो. बहुतेक जण तिथे थांबतात. ज्यांचं थोडं बिनसतं ते स्मोकर घेतात.

ग्रिलवर पंधरा-वीस मिनिटांत मामला आटोपतो. स्मोकर म्हणजे लोखंडाचं आडवं पिंप, त्याच्या बाजूला आगीची पेटी, पेटीत ओकची लाकडं, आणि २२५ ते २५० अंश फॅरेनहाइटच्या मंद धुरात दहा-दहा, चौदा-चौदा तास पडून राहिलेला मांसाचा धोंडा. टेक्सासात यातला मानकरी ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचा तुकडा. धुरंधर त्याला हात लावत नाहीत. अमेरिकेला निघताना आईने विमानतळावर तेवढं एकच बजावलं होतं. डुकराबद्दल आई काही बोलली नव्हती, तेव्हा डुकराचा खांदा चालतो. त्याला वरून ब्राऊन शुगर आणि कराडहून आलेला कांदा-लसूण मसाला चोळला की आईचा आशीर्वादही लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आता कमरेच्या डबीतला हा तापमापक कशाला, तर स्मोकरचं झाकण उघडायचं नसतं म्हणून. उघडलं की साठवलेली उष्णता भसकन निघून जाते आणि भट्टी पुन्हा चढवत बसावं लागतं. झाकणावर काट्याचा एक तापमापक आधीच बसवलेला असतो. पण तो झाकणापाशी काय चाललंय ते सांगतो, आणि मांस तर खाली जाळीवर असतं. दोन्हींत पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून धुरंधरांच्या दोन सळया. एक मांसाच्या ऐन जाड भागात, हाडापासून आणि चरबीच्या थरापासून लांब. दुसरी जाळीला चिमट्याने लावलेली, मांसापासून दोन इंच सोडून, कारण थंड मांसाच्या अंगाला लागून असलेली हवाही थंड असते. सळयांच्या तारा झाकणाखालून बाहेर येतात, एका पेटीत जातात आणि तिथून आकडे रेडिओलहरींवर बसून घरात. माणसाने एसीत लोळावं, ऑगस्टच्या उन्हात भट्टीपाशी करपत उभं राहू नये, एवढाच या यंत्राचा उद्देश. उंटावरून शेळ्या हाकायची इतकी उत्तम सोय दुसरी नाही.

पण धुरंधर लोळतील तर शपथ. पहिल्या यंत्राच्या खोक्यावर तीनशे फुटांचा पल्ला लिहिला होता. तो मोकळ्या मैदानातला. मधे विटांची भिंत, फ्रीज आणि वहिनींचं स्टीलच्या डब्यांचं कपाट आलं की तीस फुटांचीही मारामार. मग धुरंधरांनी घराची पाहणी केली. सोफ्याच्या फक्त डाव्या टोकाला आकडा येतो. जेवणाच्या टेबलापाशी येत नाही. कपडे धुवायच्या मशीनवर मात्र झकास येतो. त्यामुळे त्या काळात शनिवारी त्यांच्याकडे गेलं, की गृहस्थ मशीनला टेकून उभे आणि पाहुणे धुण्याच्या ढिगाशेजारी चहाचे कप घेऊन.

दर वेळी आधी यंत्राची परीक्षा होते. बर्फाच्या पाण्यात ३२ दाखवलं पाहिजे, उकळत्या पाण्यात २१२. ऑस्टिन समुद्रसपाटीपासून थोडं वर, म्हणून तिथे २११ धरायचे, हे ते नव्या माणसाला आवर्जून सांगतात. डेन्व्हरला पाणी २०३ च्या आसपासच उकळतं, हेही सांगतात. डेन्व्हरला कुणी निघालेलं नसतं.

रात्रीचं तर विचारू नका. मोठा खांदा असला की भट्टी आदल्या रात्रीच पेटते. तीन वाजता आगपेटीतलं लाकूड बसतं, भट्टी दोनशेच्या खाली येते आणि उशाशी ‘टीं टीं टीं’ सुरू होतं. धुरंधर चड्डी-बनियनवर, डोक्याला दिवा बांधून अंगणात. शेजारचा कुत्रा भुंकतो, वहिनी उठून बसतात. ‘‘पोरं तान्ही असताना रात्र-रात्र रडायची, तेव्हा हे कुशीसुद्धा बदलायचे नाहीत,’’ हे वाक्य त्या इतक्या शांतपणे बोलतात, की त्यात तक्रार आहे की नुसती नोंद, कळत नाही.

पुढे वाय-फायचं यंत्र आलं. आकडे थेट फोनवर, आलेखासकट. पल्ला अख्ख्या पृथ्वीचा. त्यानंतर धुरंधर पूर्वीइतकेही घरचे राहिले नाहीत.

जवळच्या राउंड रॉकला एकांकडे सत्यनारायण होता. कथेत साधुवाण्याची नौका नुकतीच संकटात सापडलेली, आणि धुरंधरांचा फोन केकाटला. ते बाहेर गेले आणि घरी झोपलेल्या मुलाला फोनवरून दबक्या आवाजात हुकूम सुटू लागले. ‘‘झाकणाला हात लावू नकोस. खालची झडप अर्धा इंच उघड. अर्धा म्हणजे अर्धाच!’’ परत आले तेव्हा शेजारी बसलेल्या आजोबांनी काळजीने विचारलं, ‘‘काय हो, सगळं ठीक ना?’’

‘‘काही नाही, तो खांदा.’’

‘‘अरेरे. कधीपासून?’’

‘‘पहाटे चारपासून.’’

‘‘शेकलात का?’’

‘‘शेकतोच आहे. अजून सहा तास शेकावा लागेल.’’

आजोबांनी त्यांना महानारायण तेल सुचवलं. धुरंधरांनी नावही लिहून घेतलं. पूजेच्या घरात यापेक्षा जास्त खुलासा करणं बरं दिसलं नसतं.

त्यांचा खरा अवतार पाहायचा तर जेवायला बोलावतात त्या दिवशी. हिशोब चोख असतो: आठ पौंडांचा खांदा, पौंडाला दीड तास, पहाटे चारला चढवला की दुपारी चारला तयार, दोन तास विश्रांती, सहाला पाहुणे. हा हिशोब खांद्याला कुणी सांगितलेला नसतो. आकडा सकाळभर भराभर चढतो, दीडशे ओलांडतो आणि १५८ वर बसतो तो बसतोच. तास जातो, दोन जातात, तीन. सहा वाजतात. पाहुणे येतात, बायका-मुलं येतात, चिवडा संपतो, बाकरवडी संपते. आकडा १५८.

मग धुरंधर सांगू लागतात, आणि त्यांचं सांगणं खरंच ऐकण्यासारखं असतं. मांसाला घाम येतो. आतलं पाणी वर येऊन वाफ होतं, ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. आग जितकी देते तितकंच घामातून निघून जातं, मग आकडा हलणार कुठून? पूर्वी लोकांना वाटायचं की चरबी वितळते म्हणून अडतं. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने चरबीचा गोळा आणि ओला स्पंज दोन्ही तापवून पाहिले. चरबीचा आकडा बिनघोर चढत गेला. अडला तो स्पंज. ‘‘म्हणजे आज आपण स्पंज खाणार आहोत,’’ असं कुणीतरी भुकेल्या पोटी म्हणतंच.

उपाय सोपा आहे: मांस घट्ट गुंडाळायचं, म्हणजे घाम उडणार नाही. फॉइलमध्ये गुंडाळतात, किंवा ऑस्टिनच्याच ॲरन फ्रँकलिनने घरोघर पोचवलेल्या त्या गुलाबी-तपकिरी कागदात. पण गुंडाळलं की वरची काळी खमंग साल मऊ पडते, आणि सालीसाठी धुरंधर पाहुण्यांना उपाशी मारायला तयार असतात. शेवटी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहतात. बोलत काहीच नाहीत. धुरंधर मुकाट्याने कागद काढतात.

तोवर लागण सगळ्यांना झालेली असते. फोन टीव्हीला जोडलेला, आलेख पडद्यावर, आणि समोर वीस माणसं धावफलकाकडे बघावं तशी बघत बसलेली. १५९ झाले की टाळ्या. पुन्हा १५८ झाले की ‘अरेरे’. ज्यांनी आयुष्यात खाटकाच्या दुकानाची पायरी चढलेली नाही अशा एक शाकाहारी मावशीही मधेच विचारतात, ‘‘चढला का मेला?’’ याच सुमारास कराडहून धुरंधरांच्या आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे रविवारची सकाळ. किती वेळ झाला हे ऐकून त्या म्हणतात, ‘‘अरे, कुकर नाही का तुझ्याकडे? सहा शिट्ट्यांत झालं असतं.’’ धुरंधर त्यांना कोलॅजेन समजावतात: या चिवट तंतूंचं जिलेटिन व्हायला मंद आच लागते, वेळ लागतो, म्हणून २०३ पर्यंत न्यायचं. आई सगळं ऐकून घेतात. ‘‘बरं. मीठ बघून घाल.’’

पलीकडच्या घरात एक निवृत्त टेक्सन गृहस्थ राहतात. ते जन्मभर मांस धुरावत आले आणि तापमापकाला हसत आले. सळई टोचायची, अडखळली नाही तर झालं. एवढंच त्यांचं शास्त्र. धुरंधरांना याचा त्रास होतो. एकदा ते मला ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्टला घेऊन गेले. टेक्सासच्या विधिमंडळाने ज्या गावाला बार्बेक्यूची राजधानी ठरवलंय, ते गाव. १९०० सालापासून धंदा करणारं क्राइट्स मार्केट तिथलंच. एका दुकानात विटांची लांबलचक भट्टी, तिच्या टोकाला जमिनीवरच पेटवलेला ओंडक्यांचा जाळ. भट्टीवाल्याला धुरंधरांनी विचारलं, तापमापक कुठला वापरता? त्याने मख्खपणे आपला तळहात वर करून दाखवला. परतीच्या वाटेवर धुरंधर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हाताला कॅलिब्रेट कसं करत असतील?’’

कोंबडीच्या बाबतीत मात्र मी पूर्ण त्यांच्या बाजूचा आहे. ती आत १६५ झालीच पाहिजे, हे अमेरिकन कृषी खातं सांगतं, आणि तिथे तळहाताचं शास्त्र चालवणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर चालवावं. आणि पलीकडचे ते टेक्सन गृहस्थ? अलीकडे संध्याकाळ झाली की तेही कुंपणावरून डोकं काढून हळूच विचारतात, ‘‘किती झालं?’’

श्रावणात धुरंधरांच्या घरी मांस बंद. स्मोकर मात्र थंड राहू द्यायचा नाही. मग भरताची वांगी चढतात, आणि वांग्याच्या पोटातही सळई जाते. वांगं किती अंशांना शिजतं याची त्यांच्याकडे नोंदवही आहे. विरजणाचं दूध, आंघोळीचं पाणी, पुरणपोळीचा तवा, काहीही सुटलेलं नाही. दुधाच्या बाबतीत वहिनींनी तक्रार केली नाही; टेक्सासच्या थंडीतही दही आता चाकूने कापावं असं लागतं. यंत्राचा घराला झालेला फायदा म्हणून त्या हा एवढाच मोजतात.

जेवणाच्या त्या दिवशी आकडा २०३ ला पोचतो तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात. सगळे ताटं घेऊन उठतात. धुरंधर हात वर करून थांबवतात: आता विश्रांती. खांदा टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवायचा, तासभर. पाहुण्यांमध्ये एक कण्हल्यासारखा आवाज होतो. पण वहिनींना नवरा माहीत आहे. गॅसवर पिठलं रटरटत असतं आणि भाताचा कुकर उतरलेला असतो. मुलं जेवतात आणि सोफ्यावर झोपतात, डाव्या टोकालाही.

साडेअकरा वाजता पेटी उघडते. धुरंधर दोन बोटांनी हाड धरतात आणि ओढतात. ते स्वच्छ, पांढरं, एक धागा न लागता बाहेर येतं. मांस काट्याच्या नुसत्या स्पर्शाने सुटतं. वर काळी साल, तिच्यात कांदा-लसूण मसाल्याचा झणका, आत गुलाबी कडा, आणि बोटांना चिकटणारा रस. मी बरंच खाल्लंय, लॉकहार्टलाही खाल्लंय. धुरंधरांचा खांदा त्या रांगेत बसतो.

तेव्हा ऑस्टिनला असाल आणि त्यांचं बोलावणं आलं तर जरूर जा. सहाला म्हणाले असतील तर साडेआठला पोचा, मुलांना घरी जेवू घालून न्या, आणि ‘किती झालं?’ हे मात्र विचारू नका. ते सांगतातच.