तीन बोटं तोंड

(रंगमंचावर एक खुर्ची. पन्नाशीचा माणूस, एक हात डाव्या गालावर, मांडीवर कापडी पिशवी. प्रेक्षक म्हणजे मेहकरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले पेशंट.)

तुमचं काय, रूट कॅनल? मंग निवांत बसा. आपली अक्कलदाढ हाये. ऑपरेशन! फोटोत पाह्यलं तं हिरडीच्या आत आडवी झोपेल. डॉक्टर म्हणे, ही सतरा ते पंचवीस वर्षांत येत असते. आमची बायको म्हणे, "यायची पन्नाशीतही वर नाही आली." डॉक्टरनं मास्कमधी हासून घेतलं.

मामा म्हणे, "भेतो कायले? मेहकरले पुरेल वस्तू वर काढाची सवय हाये. 1888 साली खोदकामात शारंगधर बालाजी निघाले. दहा फुटांच्या वर मूर्ती, काळा पाषाण! साहेब विलायतेले नेईल म्हणून गावानं घाईघाईनं स्थापना उरकली म्हणतात." म्हटलं मामा, ते देव व्हते. मी भाड्याच्या खोलीत राह्यतो!

डॉक्टरनं सांगतलं, थोडं खाऊन या, बीपीची गोळी चुकवू नका, रक्त पातळ कराची गोळी असल तं मनानं बंद करू नका, आधी सांगा. आत्या मधातच, "ऑपरेशनले उपाशी जा लागते!" अवं आत्या, पुरं बेशुद्ध केलं तं सहा तास पोट रिकामं. इथं इंजेक्शननं जबडाच सुन्न करतीन. उपाशी गेलो अन् खुर्चीत चक्कर आली तं? आत्याले पटलं. लय पटलं. दोन भाकरी, बेसन, ठेचा, अन् रस्त्यानं भूक लागल म्हणून... (पिशवीतून डबा काढतो, मागोमाग पुडी पडते. घाईनं पाय ठेवतो.)

हे... सुपारी हाये. (विंगेकडे पाहून, हळू आवाजात) खर्रा. बायकोले माहीत नाही. पन डॉक्टरले कळलं ना राजेहो! म्हणे, "आ करा. तीन बोटं उभी मावली पाह्यजे." माझी दोनच गेली. म्हणे, सुपारीनं गाल आतून आवळत जाते. बायको म्हणे, "डॉक्टर, भांडताना तं हातभर उघडते यायचं!"

हे सारं सोसलं. पन दाढ काढल्यावर म्हणे, चोवीस तास थुकाचं नाही! खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तिच्यावरच जखम भरते. थुकलं, चूळ भरली, नळीनं शरबत ओढलं, का ते निसटते. मंग हाड उघडं, अन् दुखणं असं का दाढ बरी व्हती. आता सांगा, वऱ्हाडातल्या मानसानं चोवीस तास थुकाचं नाही? आमच्या चौकातली भिंत मले ओयखते!

(आतून हाक. दचकतो.)

तुम्ही जाता का? तुमचं रूट कॅनल आधी... नाही? (विंगेत पाहतो) बायको गेलीबी आत. (कान देतो) विचारून राह्यली, "अन् बोलाचं किती दिवस बंद?"

डॉक्टर म्हणे, "बोललं तं चालते, फक्त कमी."

(शांतता.)

म्हणे, "मंग दुसऱ्या बाजूचीबी काढून टाका."

(अंधार.)