निपाणी द्वीपसमूहाची सफर : पर्यटकांस सूचना

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची सत्तरेक बेटे आहेत. तिथले पर्यटक चूल-बिछान्यासकट व्हॅन फेरीबोटीत चढवतात आणि बेटामागून बेट पाहत हिंडतात. त्यासाठी व्हिसा, पौंड आणि बोटीचे आरक्षण लागते. बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, निपाणी भागात, हीच सोय पावसाळ्यात घरपोच होते आणि आधार कार्डही कोणी मागत नाही.

हंगाम मात्र नीट निवडावा. मृगात येऊन उपयोग नाही. तेव्हा सारा मुलूख अजून जमिनीला जोडलेला असतो. तरण्या पावसात वेदगंगा-दूधगंगा फुगू लागतात आणि म्हाताऱ्या पावसाने जोर धरला की बेटे तयार. मग पेपरात बातमी येते : कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड बंधारे पाण्याखाली. हेच इथले वेळापत्रक. त्यातला क्रम बदलतो, गावे तीच राहतात. जुने वाचक ते पेपर न उघडताच म्हणून दाखवतील.

बेट तयार करण्याची कृती सोपी आहे. नदीत ओळीने खांब उभे करावेत. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवावे आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यावेत. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. त्याच्या माथ्यावरून रस्ता नेला की उसाला पाणी मिळते, दुधाच्या किटल्या पलीकडे जातात आणि पुलाचा वेगळा खर्च वाचतो. हिशेब बिनचूक आहे. फक्त बंधारा उंचीला बेताचाच असतो, त्यामुळे नदी शेतात शिरण्याआधी रस्त्यावर येते. ऑर्कनीकर या कलेत मागासलेले. १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने तिथे ‘रॉयल ओक’ युद्धनौका बुडवली, तेव्हा चर्चिलने बेटांमधल्या खाड्यांत भराव घातले. आज त्यांवरून मोटारी धावतात.

वाहन म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉलीच घ्यावी. ट्रॉलीवर कमानी ठोकून ताडपत्री ओढली की कॅम्परव्हॅन तयार. आत वळकट्या, ज्वारीचे पोते, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही, त्या टीव्हीला धरून बसलेली आजी. मागे दाव्याला म्हैस. परदेशी फेरीबोटीत चढताना गॅसची टाकी बंद करावी लागते. इथे टाकी सगळ्यात आधी ट्रॉलीत चढते. मुक्काम माळावरच्या पाहुण्यांकडे, नाहीतर शाळेत पूरग्रस्तांसाठी उघडलेल्या गंजी केंद्रात; तिथे फळ्यावर अजून मागच्या तासाची गणिते असतात.

बोट न मिळाल्यास गुऱ्हाळातली काहील मागावी. एरवी तीत गूळ शिजतो, पुरात माणसे बसतात. तिला पुढचे-मागचे टोक नसते, त्यामुळे ती कुठे निघाली आहे हे वल्हवणाऱ्यालाही पोचल्यावरच कळते.

मलिकवाडहून दत्तवाडला जाणे म्हणजे आंतरराज्य जलप्रवास. महिला पर्यटकांनी अलीकडे आणि पलीकडे वेगळा हिशेब ठेवावा : कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसला तिकीट नाही, पण त्यासाठी पत्ता कर्नाटकातला हवा, महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीला अर्धे तिकीट. पुराचे पाणी दोन्हीकडे फुकट.

भरती-ओहोटीचे तक्ते मिळत नाहीत. त्याऐवजी “अलमट्टीतून किती सोडलंय?” असे विचारावे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, कर्नाटकाला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. वर महाराष्ट्रातल्या काळम्मावाडी धरणाचे दार उघडले की कर्नाटकातली गावे महाराष्ट्राकडे बोट दाखवतात. या वादात पर्यटकाने पडू नये. बंधाऱ्याच्या तोंडाशी उभे राहावे. पाण्याच्या कडेला कोणीतरी काठी रोवलेली असते. एकजण कानडीत विचारतो, “नीर एष्ट ऐति?” दुसरा काठी पाहून मराठीत सांगतो, “मघापेक्षा चार बोटं उतरलंय.” त्या दिवसाचे अधिकृत हवामान-वृत्त ते हेच.

मुख्य भूमीवर फार विसंबू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि तोही बंद पडला. मालट्रकवाल्यांना त्यासाठी निपाणी द्वीपसमूहाची आगाऊ नोंदणी करावी लागली नव्हती.

या मार्गदर्शिकेतली एक सूचना मात्र शब्दशः पाळावी. बंधाऱ्यावर पाणी असताना, कितीही कमी दिसले तरी, गाडी घालू नये. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, दोन फुटांत मोठी गाडीही वाहून जाते. पोलिसांनी आडवे लावलेले बॅरिकेड बाजूला सारू नये. लांबचा वळसा घ्यावा, नाहीतर त्या रात्री अलीकडच्याच गावात राहावे.