६९ टक्क्यांचा संसार

मराठी घरात ओल ही शत्रूपक्षाची मानली जाते. मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळवायच्या, मृगाच्या आत त्या डब्यात कोंबायच्या, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायचे. आमच्या घरातलं निम्मं शास्त्र काय कोरडं कसं राहील, याचंच आहे. अशा घरात आमच्या दुबईच्या साडूंनी २५ क्यूबन सिगारांची पेटी आणून ठेवली आणि बजावलं, "हे सुकू देऊ नका हं."

"म्हणजे मुद्दाम ओले ठेवायचे?" बायकोने विचारलं.

"ओले नाही, दमट. ६५ ते ७० टक्के."

"कशाचे टक्के?"

या प्रश्नावर साडू चहा प्यायला लागले. पुढचं मला वाचून काढावं लागलं. हवा ज्या तापमानाला जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती तिने खरोखर धरली आहे, त्याचे हे टक्के. तंबाखूचं पान हवेशी या वाफेची सतत देवघेव करतं. हवा कोरडी पडली की पान कडक होतं, सिगारचं वरचं आवरण तडकतं, आतली सुगंधी तेलं उडून जातात आणि मग तो सिगार वर्तमानपत्राच्या भेंडोळ्यासारखा भसाभस जळतो. हवा फार दमट झाली तर सिगार फुगतो, आवरण फाटतं, कितीही ओढलं तरी धूर येत नाही, आणि ७५च्या वर गेलात की बुरशी हजर. जाणकारांचा नियम ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१ सेल्सिअस. पुण्यात २१ अंश तापमान घराच्या आत कधी असतं, तर डिसेंबरात, पहाटे, खिडकी उघडी राहिली तर.

हवानाच्या हवेत समुद्राची ओल मुळातच आहे. पुण्यात मात्र एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांवर येते आणि ऑगस्टात ९०ला टेकते. म्हणजे निम्मं वर्ष सिगाराला पाणी पाजायचं आणि निम्मं वर्ष त्याच्या तोंडचं पाणी पळवायचं. सिगारवरची पुस्तकं मात्र लिहिणार लंडन-न्यूयॉर्कची माणसं. त्यांची चिंता एकच, हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा कोरडी पडते. आपल्या श्रावणाबद्दल त्यांत एक अक्षर नाही.

यासाठी खास पेटी लागते. तिला ह्युमिडॉर म्हणतात आणि तिला आतून स्पॅनिश सीडर नावाचं लाकूड लावलेलं असतं. हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं निघालं. आजी गव्हात कडुनिंबाचा पाला घालायची, तेव्हा ती कोणत्या खानदानी परंपरेत बसते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण नवी पेटी आणली आणि सिगार आत ठेवले, असं चालत नाही. कोरडं लाकूड आधी सिगारांतलंच पाणी पितं. म्हणून रिकाम्या पेटीत पाण्याची वाटी ठेवून काही दिवस लाकडाची तहान भागवायची. पाणी नळाचं नको, त्यातल्या क्षारांनी पेटीत ओल पुरवणारा स्पंज बुजतो. डिस्टिल्ड हवं. ते मिळालं इन्व्हर्टरवाल्याकडे.

"बॅटरी कितीची आहे, काका?" त्याने विचारलं.

"२५ सिगारांची," असं सांगायचं धैर्य मला झालं नाही.

पेटीच्या झाकणावर एक गोल, काट्याचं घड्याळ असतं, ते आर्द्रता दाखवतं. दिसायला देखणं आणि बोलायला थापाडं. माझं घड्याळ पावसाळा असो की उन्हाळा, ७० दाखवायचं. पेटी उघडी टाकली तरी ७०. पुढे डिजिटल आणलं. पण तेही खरं बोलतं का, हे तपासायची एक जुनी परीक्षा आहे आणि ती थेट स्वयंपाकघरातून जाते. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, त्याचा चिखल होईल इतकेच थेंब पाणी घालायचं, बूच आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत ठेवून एक रात्र विसरायचं. सकाळी यंत्राने ७५ दाखवलं पाहिजे. ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद हवा ७५वर येऊन थांबते, ना वर ना खाली.

हे वाचलं आणि मी जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाणीकडे नव्या आदराने बघू लागलो. बाहेरची हवा ७५च्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढतं आणि त्याला पाझर फुटतो. म्हणजे जूनमध्ये ज्या दिवशी मीठ पडेनासं होतं, त्या दिवशी घरात ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आहे, हे वेधशाळेला फोन न करता सांगता येतं. पिढ्यान्‌पिढ्या आपण या उपकरणात तांदूळ टाकून ते बिघडवत आलो आहोत.

मग जागेचा प्रश्न आला. पेटीला ऊन नको, फोडणीचा वास नको, तापमान फार वरखाली नको. सिगार आजूबाजूचा वास पटकन घेतो. हिंगाच्या डब्याशेजारी ठेवलेला सिगार ओढला तर आमटीचा भास होईल. फ्रिज नको, तिथली हवा कोरडी. सगळ्या कसोट्यांना उतरणारी जागा घरात एकच होती, देवघराच्या खालचा कप्पा. मी तो विषय काढला नाही. पेटी पलंगाखाली गेली, हिवाळी रजयांच्या शेजारी.

पेटीत आता स्पंज नाही, पुड्या असतात. पुडीत मिठाचं दाट द्रावण आणि तिची कातडी अशी, की तीतून फक्त वाफ ये-जा करते. हवा कोरडी झाली तर पुडी वाफ सोडते, दमट झाली तर ओढून घेते. तिच्यावर आकडा छापलेला असतो. मी ६९ची घेतो. पुडी कडक झाली की संपली.

एका पावसाळ्यात ही पुडी बघता बघता कडक झाली. बाहेर धो-धो पाऊस, आणि यंत्र ५८ दाखवतंय. पदार्थविज्ञानाला हे मंजूर नव्हतं. पेटी उपसली, तर सिगारांच्या खाली चार छोट्या पांढऱ्या पुड्या निघाल्या, बुटांच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटलीत असतात त्या. सिलिका जेल. एक पाणी देतेय, चार पीत आहेत, असा आत संसार चालला होता.

"मीच टाकल्या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "रजई काढताना पेटी उघडली, तर आत ओल. एवढ्या महागाच्या वस्तू, तुमचं लक्षच नाही."

सासूबाईंनी त्या पुड्या वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. त्यांतल्या चार जावयासाठी काढल्या होत्या. मी आभार मानले.

खरं मार्गदर्शन मला कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळालं. तो रोज सकाळी लाल फडकं भिजवतो, पिळतो, झटकतो आणि पानांवर टाकतो. त्याच्याकडे काटा नाही, पुडी नाही. "पान हाताला बोलतं," तो म्हणाला. हीच युक्ती सिगारलाही लागू आहे. दोन बोटांत हलके दाबला तर किंचित दबून परत वर आला पाहिजे. करकरला तर कोरडा, नुसताच दबला तर ओला.

उलट शेरलॉक होम्स बघा. १४० प्रकारच्या तंबाखूच्या राखेवर प्रबंध लिहिणारा हा गृहस्थ सिगार ठेवायचा कुठे, तर कोळशाच्या बादलीत. डॉक्टर वॉटसनने ते लिहून ठेवलंय, फक्त बेशिस्तीचा नमुना म्हणून. वासाबद्दल तक्रार नाही, बुरशीबद्दल नाही. इंग्रजांनी आपल्यावर राज्य कसं केलं, हे मला अशा ठिकाणी कळेनासं होतं.

सिगारला किडाही लागतो. पेटीत गरमी वाढली की अंडी फुटतात आणि सिगाराला टाचणीएवढी गोल भोकं पडतात. हाच किडा हळदीत आणि मिरचीतही होतो, म्हणजे आमची त्याच्याशी जुनी ओळख. उपाय म्हणजे सिगार पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे. ते मटार आणि खवलेल्या नारळाच्या मध्ये कसे राहिले आणि त्यावर काय बोलणं झालं, ते इथे नको.

सिगार मी ओढतो ते सणासुदीला, गॅलरीत, दार लावून. बाकीचं वर्षभर मी त्यांची हवा सांभाळतो. पण हल्ली यंत्र पेटीत सापडत नाही. बायकोला त्याचा शोध लागल्यापासून ते स्वयंपाकघरात असतं. "आज ८१, चकल्या उद्या," असे निकाल सकाळीच लागतात. समोरच्या काकू फोन करून आकडा विचारतात आणि मग पोहे भाजायला घेतात. सासूबाईंना तर गावी न्यायला स्वतंत्र यंत्र हवंय. दिवाळीच्या आधी तीन मागवतोय. उरलं तर चौथं पेटीसाठी.