चौदाची पाऊणकी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करारनामा वाचत होतो, म्हणजे तो छातीवर ठेवून डोळे मिटून पडलो होतो.

"मामा, आम्ही वेस्टला शिफ्ट होतोय."

"बरं केलंत," मी म्हटलं. "तिकडे रिक्षा लवकर मिळते."

मुलुंड पूर्वेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाची पश्चिम रुळांपलीकडे सुरू होते आणि डोंगराशी संपते. भाचा अमेरिकेत असतो हे मला वाक्य तोंडातून गेल्यावर आठवलं. त्याची पश्चिम वायोमिंगमध्ये होती. गावाचं नाव कोडी. तिथे म्हणे १९१० साली बांधून झालेल्या धरणाचा मोठा जलाशय आहे, त्यात बोट घालायची. आणि जून ते ऑगस्ट रोज रात्री रोडिओ. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हातानं दोर धरून आठ सेकंद टिकायचं. आठ सेकंदांसाठी पोरगं बायकामुलांसकट गाव बदलत होतं.

"तुम्हालाही घर सोडायचंच आहे ना? मग मजेच्या गावी जा की!"

तेवढं बोलून तो ऑफिसला गेला आणि मी कामातून गेलो. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणार होता. ते घाटकोपरच्या एखाद्या अंधाऱ्या वन रूम किचनमध्ये घालवायचं की वाऱ्यावर? रात्री मी जाहीर केलं, "आपण जिथे बोट आणि बैल दोन्ही आहेत अशा गावी राहायला जायचं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "बोट तुम्हाला लागते," ती म्हणाली, "आणि बैल तुम्हाला चालत नाही."

हे खरं आहे. गेटवेला नुसत्या बांधलेल्या बोटी हलताना पाहिल्या तरी मी आवळासुपारीची डबी शोधतो. बैलाचं म्हणाल, तर बैलपोळ्याच्या मातीच्या बैलालाही मी बाजूनं ओवाळतो. समोर शिंगं असतात, मागे लाथ. पण आवड आणि पात्रता यांचा संबंध असता तर निम्मं मुलुंड गाण्याच्या क्लासला गेलंच नसतं.

पाहणी सुरू झाली. बोरिवलीहून गोराई : बोट आहे, पण तोंडातली गोळी विरघळायच्या आत पलीकडचा धक्का येतो. मढला वर्सोव्याहून तर आहे, बैल नाही. मंचर-जुन्नरकडे बैलगाड्याचे घाट आहेत, तिथे जिंकणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात आणि निकाल सेकंदांच्या अंशांवर लागतो. बोटीसाठी डिंभे धरणापर्यंत जावं लागेल. विदर्भात शंकरपट आहे, पण तिथून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराची रेल्वे. राहिलं अलिबाग. समोर समुद्र, मागे वाल आणि पांढरा कांदा, आणि पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती.

"अलिबागला राहायला गेलो," बायको म्हणाली, "तर लोक विचारतील त्या प्रश्नाला आपलं उत्तर 'हो' असेल." त्या प्रश्नाविरुद्ध एक अलिबागकर थेट उच्च न्यायालयात गेला होता, २०१९ साली याचिका फेटाळली गेली. विनोद आहे, मनाला लावून घेऊ नका, असा एकंदर सूर होता. ज्याला रोज तोच विनोद ऐकावा लागतो त्याच्या मनाचं न्यायालयाला काय!

नागावच्या बाजूला माघातल्या शुक्ल चतुर्दशीला शर्यत आहे असं कळलं. वेळ, दुपारी साडेचार. साडेचारच का? तर वाळूवरची शर्यत ओहोटीला होते. पाणी हटलं की ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी कडक होते, कोरड्या वाळूत चाक रुततं. आणि ओहोटीची वेळ काढणं माझ्या डाव्या हातचा मळ होता. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. वडिलांनी माझ्याकडून पाऊणकी छडीच्या तालावर पाठ करून घेतली होती, आणि नंतर चौतीस वर्षं बँकेत काढूनही ती एकदाही उपयोगी पडली नव्हती. चौदा पाऊण साडेदहा. साडेदहाला भरती, पावणेपाचला ओहोटी तळाला. मी हिशोब कागदावर लिहून बायकोला दाखवला. तिनं कौतुक केलं. दोघांनाही त्यात काही चुकलेलं दिसलं नाही, कारण हिशोब बरोबरच होता.

मांडव्याला रो-रो बोट मार्च २०२० पासून जाते, आत मोटारी घेऊन. बायकोचं मत तिच्या बाजूनं होतं. मी म्हटलं, ती बोट नव्हे, तरंगतं पार्किंग आहे. खरी बोट म्हणजे भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाकडी लाँच. मूळ धक्का भाऊ अजिंक्य यांनी बांधला, वगैरे मी डॉकयार्ड रोडपासून सांगत होतो. मासळीचा वास सुरू झाल्यावर तोंड मिटून घेतलं.

"रेवसची ही शेवटची," तिकीट देणारा म्हणाला. "यापुढे पाणी नाही."

समुद्रात पाणी नाही हे वाक्य मी ऐकलं, आणि विनोद समजून हसलोसुद्धा. लाँच पाऊण तास उशिरा, अडीचला सुटली. एक फ्रिज, तीन मोटारसायकली आणि एक शिलाई मशीन चढवायचं होतं.

माझ्या शेजारी सरकी पेंडीच्या पोत्यावर एक गृहस्थ बसले होते. कानात बाळी, मांडीवर मस्जिद बंदरहून घेतलेला नवाकोरा कासरा आणि घुंगरमाळ. भिवंडीकडचे, त्यांची जोडी टेम्पोनं सकाळीच नागावला पोचली होती.

"बयल आपलेच?" मी त्यांच्या भाषेत शिरायचा प्रयत्न केला.

"हां. सोन्या न् मल्हार." मग त्यांनी माझ्या पांढऱ्या सँडल्सकडे पाहिलं. "तुमी कंच्या गावचे?"

"मुलुंड. पूर्व."

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली.

सोन्याला रोज दूध, अंडी, भिजवलेले उडीद. माझ्या डॉक्टरनं यातल्या दोन गोष्टी बंद केल्यात. सोन्याच्या आधी एक राजा होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा राजा चार वर्षांचा, ऐन भरातला. परवानगी आली १६ डिसेंबर २०२१ ला. "साडेसात वरसं," मालक म्हणाले. "लग्नाचा बाजा वाजला का दावणीला नाचाचा. त्याला वाटं, गारी जुपतात. आनि मी बाजा संपंपरत घरान बसाचा. त्याच्या समोर नाय जावाचा." बंदी उठली तेव्हा राजाला उठायलाही आधार लागत होता.

बायको म्हणाली, "पण शेपट्या पिरगाळत होते, चाबूक मारत होते, म्हणूनच बंदी आली ना?"

"चावत पन होते," मालक म्हणाले. "लाज वाटं पायजे. आता पराणी नाय, चाबूक नाय. नुसता वराचा." म्हणजे ओरडायचं. ते त्यांनी करून दाखवलं. पुढच्या बाकावरचं बाळ जागं झालं.

पाणी संथ होतं, पोट शाबूत होतं. रेवस जवळ आलं तशी बायको बोलायची थांबली. १७ जुलै १९४७ ला याच वाटेनं 'रामदास' निघाली होती. काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आदल्या रात्री गिरणीतून सुटून गटारीसाठी गावी निघालेले कितीतरी. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. हिच्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. आजी मनाचे श्लोक रोज म्हणायची, पण कुणाचे विचारलं तर 'समर्थांचे' म्हणायची. ते नाव तिनं पुन्हा घेतलं नाही. बायकोनं पर्समधून एक रुपया काढून पाण्यात सोडला आणि पर्सची चेन लावली. मी काही बोललो नाही. बत्तीस वर्षांत असं दोन-तीनदाच जमलंय.

आणि तेवढ्यात लाँच थांबली.

धक्का लागला नाही, आवाज झाला नाही. बशीत ओतलेला चहा थांबतो तशी थांबली. इंजिनानं खालून चॉकलेटी ढेकर दिली, तांडेलानं बांबू खाली घातला आणि तो उभाच राहिला. बांबू. रेवसचा धक्का समोर दिसत होता, त्याच्यावर भजी खाणारी माणसं दिसत होती. मधे पाणी नव्हतं. गाळ होता, आणि त्यात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या.

मी घड्याळ पाहिलं. पावणेचार.

"पावणेपाचपर्यंत उतरंल," तांडेल बिडी शिलगावत म्हणाला. "तेवराच येल मंग चराला. पावनेसा वाजतील."

शर्यतीसाठी काढलेली ओहोटी बोटीलाही लागू आहे, हे मला तेव्हा कळलं. बोटीला भरती लागते आणि बैलाला ओहोटी, आणि दोन्ही एकाच दिवशी पाहिजेत म्हणणारा माणूस रेवसच्या गाळात बसतो. बायकोनं माझ्या खिशातून तो हिशोबाचा कागद काढला, उलगडला, वाचला आणि त्यावर शेंगदाणे ओतून मालकांपुढे धरला.

साडेचार वाजता मालकांच्या फोनवर नागाव लागलं. पोरगा तिकडून फोन कर्ण्यासमोर धरून उभा होता. लाँचभर माणसं पोत्याभोवती जमली, शिलाई मशीनवालीसुद्धा. समालोचक असा बोलत होता की वाळूचे कण कानात जावेत.

याच वेळी दोन पोरं चपला हातात घेऊन उतरली आणि गाळातून चालत निघाली. मी खलाशाला विचारलं, "किती आहे?"

"गुडघाभर."

गुडघाभरच होता, फक्त गुडघे त्यांचे होते. ती पोरं पाय कुठे टाकायचा ते जाणून होती. मी पहिलं पाऊल टाकलं ते मांडीपर्यंत गेलं, दुसरं त्याला सोडवायला गेलं आणि तेही राहिलं. गाळ गार नसतो, कोमट असतो. घट्ट नसतो, प्रेमळ असतो. डावी सँडल काढून घेताना त्यानं एक तृप्त आवाज केला. एक निवटी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला पायही नव्हते आणि ती माझ्यापेक्षा बरी चालत होती.

"अहो, हलू नका!" बायको वरून ओरडली. "जेवढे हलाल तेवढे जाल!"

मालक उठले. नवाकोरा कासरा सोडला, फास केला, आणि भिर्रकन माझ्यावर टाकला. पहिल्या फेकीत डोक्यावरून काखेत. रोडिओत पळत्या वासराला असाच फास टाकतात असं भाच्यानं सांगितलं होतं. मी पळत नव्हतो, एवढाच फरक. चार माणसांनी कासरा धरला. फोनवर समालोचक किंचाळला, "सोन्या-मल्हार सुटलेऽऽ!" आणि मालक, ज्यांच्या एका हातात माझा कासरा होता आणि दुसऱ्यात फोन, सगळा जीव एकवटून ओरडले, "भिर्रर्रर्र!"

लाँच ओरडली. तांडेल ओरडला. मागाहून पाहिलं तर बायकोही ओरडत होती. ते सोन्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही. मी पोटावर, हातपाय पसरून, गाळावरून सपासप लाँचकडे निघालो. कुणीतरी सेकंद मोजले : एकोणीस. सोन्या-मल्हार दुसरे आले. मला क्रमांक दिला नाही, पण खलाशानं बादलीभर खारं पाणी अंगावर ओतून पाठीवर थाप मारली. बैलाला मारतात तशी, मानेच्या खाली.

पावणेसहाला लाँच आपोआप हलली, जणू काही झालंच नव्हतं. तांडेलाची वेळ मिनिटाला बरोबर निघाली. त्याला पाऊणकी येत नसावी.

मालकांच्या टेम्पोतून नागाव गाठलं तेव्हा चांदणं पडलं होतं. मंडप उतरवत होते. पुळणीवर चाकांच्या दोन-दोन रेघा लांबपर्यंत गेलेल्या आणि पाणी एकेक रेघ खात वर येत होतं. सोन्या टेम्पोला बांधलेला, अंगावर झूल, नाकातून वाफ. मी जवळ गेलो नाही. बायको गेली. तिनं त्याच्या गळ्याखालची पोळी खाजवली तशी त्यानं मान उंच केली आणि डोळे मिटले. बराच वेळ ती दोघं तशीच उभी होती.

"गाव चांगलं आहे," ती परत येऊन म्हणाली. "पण तुम्ही इथे एकटे फिरायला गेलात तर मला जन्मभर कासरा घेऊन हिंडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. भर भरतीची लाँच धरली. बोट लागली, कारण पाणी भरपूर होतं. पायात नागावच्या दुकानातल्या निळ्या रबरी सपाता, पँट गुडघ्यापर्यंत कडक वाळलेली, कानामागे थोडं रेवस. सीएसएमटीला समोर फास्ट उभी होती. मी दारातल्या पोराला विचारलं, "मुलुंडला थांबते ना रे ही?"

त्यानं मला खालून वर पाहिलं, सपातांवर थोडा जास्त वेळ. "काय काका, अलिबागसे आये हो क्या?"

"हो," बायको त्याला बाजूला सारून आत शिरत म्हणाली. "नागावहून. सरक, त्यांना बसू दे."