बाइंडिंगपंत

डेन्व्हरच्या मराठी घरांत थंडीतली पहिली भजी तळली जातात, त्याच सुमारास बाइंडिंगपंत उगवतात. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण बर्फ पडायला लागला की दुसऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. मी सहज बोलून गेलो, "यंदा स्नोबोर्ड शिकावं म्हणतो," आणि पंतांनी खुर्ची पुढे ओढली.

"बोर्ड राहू दे रे. बाइंडिंग कुठलं घेणार?"

बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी वस्तू. खाली बैठक, मागे पोटरीला टेकणारी उभी पाठ, वरून घोट्यावर एक आणि चवड्यावर एक पट्टा. माझ्या लेखी विषय इथे संपतो. पंतांचा तो 1965 सालापासून सुरू होतो. त्या वर्षी मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून 'स्नर्फर' केला. त्याला बाइंडिंग नव्हतंच. पुढच्या टोकाला दोरी, ती हातात धरायची. "वेसण रे, वेसण!" पंत कळवळतात. साठ वर्षांपूर्वीच्या त्या मुलींची त्यांना आजही काळजी वाटते.

"आणि लक्षात ठेव, स्कीवाला आपटला की त्याचं बाइंडिंग सुटतं. आपलं सुटत नाही. तेव्हा बांधण्याआधी विचार कर." हे ते लग्नाळू मुलांकडे बघून म्हणतात.

पंत कट्टर पट्टेवाले आहेत. कचेरीतले नव्हेत, दोन पट्ट्यांच्या पंथातले. मागची पाठ पाडून पाय आत सरकवायचा, हा प्रकार त्यांना चपला घातल्यासारखा वाटतो. 2017 मध्ये बर्टन कंपनीने पट्टेच नसलेलं बाइंडिंग आणलं. नुसता पाय दाबायचा, खट्‌ झालं की निघालं. त्याला बूटही त्याच घराण्याचे लागतात. पंतांचं मत एका वाक्यात: "बर्फात बसून पट्टे आवळायची ज्याला लाज वाटते, त्याने स्की करावी."

दुकानात त्यांच्याबरोबर जायचं तर स्वतःचे बूट पिशवीतून न्यावे लागतात. बूट बसवून न बघता बाइंडिंग घेणारा माणूस त्यांच्या मते परकर न बघता साडी घेणारा. ते पाठ हाताने वाकवून बघतात, कलिंगड वाजवावं तसं कान देऊन. डब्यावर ताठपणाचा आकडा असतो, एक म्हणजे मऊ, दहा म्हणजे पाषाण. पंत त्यावर विश्वास ठेवत नाहीत. "या कंपनीचा पाच म्हणजे त्या कंपनीचा सात. शिकाऊ माणसाने मऊच घ्यावं, चुका पोटात घालतं." मग बोर्डाची भोकं. बहुतेक बोर्डांना भोकांची नक्षी. बर्टनच्या बऱ्याच बोर्डांना भोकांऐवजी लांब चर. बाइंडिंगची मधली चकती त्यांच्याशी जुळली नाही तर सगळं मुसळ केरात.

पायांचे कोन हा तर स्वतंत्र अध्याय. पुढचा पाय अधिक पंधरा अंश, मागचा उणे पंधरा, म्हणजे बदकासारखं फेंगडं. वहिनी सांगतात, कुकरसमोरही ते असेच उभे राहतात.

अखेर एका शनिवारी पहाटे पाचला निघून, आय-70 महामार्गावरच्या गर्दीत मुंगीसारखे सरकत आम्ही ब्रेकनरिजला पोचलो. मी गुपचूप भाड्याच्या खिडकीशी गेलो. पोऱ्याने उंची, वजन, बुटाचं माप विचारलं, डावा पाय पुढे की उजवा ते विचारलं, आणि पाच मिनिटांत बांधलेला बोर्ड हातात दिला. पंतांनी तोंड फिरवलं. मुलाने परस्पर रजिस्टर लग्न केल्यावर बापाने फिरवावं, तसं.

ते स्वतः गाडीच्या डिकीजवळ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले होते. एका बाइंडिंगला चार स्क्रू, दोन्हींचे आठ. चकती एक खाच फिरवली की कोन तीन अंशांनी बदलतो, आणि पंतांना आज एक खाच फिरवायची होती. दहा वाजता ती उजवीकडे फिरली, अकराला परत डावीकडे. पहिल्या फेरीनंतर स्क्रू पुन्हा आवळायचे असतात, हे मला त्यांनीच शिकवलं. गेल्या तीन हंगामांत त्यांची स्वतःची पहिली फेरी मी दोनदाच पाहिली आहे.

मधेच एका अनोळखी पोराचा चवड्याचा पट्टा पार वर चढलेला त्यांना दिसला. बर्फात गुडघे टेकून त्यांनी तो बुटाच्या टोकावर बसवला, दोन खाचा आवळला, पाठीवर थाप मारली. पोरगं सुसाट गेलं. पंत बराच वेळ तिकडे बघत राहिले.

दुपारी मी सातव्यांदा आपटलो. उपाहारगृहाच्या गच्चीवरून, हातात कॉफी धरून, पंत ओरडले, "मागच्या पायाचा घोट्याचा पट्टा! एक खाच सैल आहे!"

मी वाकून पाहिलं. होता.